सही तर त्यानेच केली होती

"संप आहे का टाळेबंदी?"

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं. मी गेली दहा मिनिटं त्यांना सांगत होतो की आमची इथली, अमेरिकेतल्या मिनेसोटाची, आईस हॉकीची टीम आहे, मिनेसोटा वाइल्ड, तिचा सीझन ऑक्टोबरात सुरू व्हायला हवा पण यंदा काही खरं दिसत नाही कारण प्लेयर्सचं आणि मालकांचं पैशावरून वाजलंय, आणि बोलता बोलता मी 'स्ट्राइक' म्हणून गेलो. ऑफिसात सगळे तेच म्हणत होते ना. लंचला शेजारी बसणारा तर तावातावाने सांगायचा की इतके कमावतात आणि वर संप करतात. मी जरा थांबलो. म्हटलं, टाळेबंदी. जुना करार १५ सप्टेंबर २०१२ च्या मध्यरात्री संपला आणि मालकांनी कुलूप लावलं. प्लेयर जुन्याच करारावर खेळत खेळत बोलणी करायला तयार होते.

"मग तसं सांग की. संप म्हणजे आपण बाहेर पडलो. टाळेबंदी म्हणजे आपल्याला बाहेर काढलं. दोन्ही एक नाही."

करोनानंतर हा शब्द सगळ्यांचाच झाला, लॉकडाऊनलाही पेपरवाले टाळेबंदी म्हणायला लागले, पण आमच्या घरात त्याचा अर्थ एकच आणि तो १९८७ सालचा. अण्णा भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होते. मी तिसरीत. एक दिवस ते फर्स्ट शिफ्टला गेले आणि नऊ वाजता घरी परत आले, डबा तसाच. गेटवर कागद चिकटवलेला, पुढील सूचनेपर्यंत कारखाना बंद. ती पुढील सूचना यायला सात महिने लागले. आई घरी फॉल-पिको करायची ते तेव्हापासून. मशीनचा आवाज रात्री अकरा-अकरापर्यंत चालायचा आणि आम्ही दोघं भाऊ त्या आवाजातच झोपायचो, अजून मला कुठे शिलाई मशीन ऐकू आलं की डुलकी येते, ते असो.

तर असा माणूस त्या वर्षी जुलैच्या शेवटी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आला होता, आणि आल्या आल्या त्याला टाळेबंदीच भेटली.

हॉकी म्हटलं की अण्णांच्या डोक्यात खडकी. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले, तो कसा वाऱ्यासारखा पळायचा, वगैरे. बर्फावरची हॉकी त्यांना आधी जत्रेतला खेळ वाटली. पण मिनेसोटात राहायचं तर या खेळाशी दोस्ती करावी लागते, नाहीतर नोव्हेंबर ते मार्च माणसांशी बोलायचं काय? मी इथे आलो २००५ ला. पहिल्या दोन हिवाळ्यांत मला वाटायचं की हे लोक वेडे आहेत, तिसऱ्या हिवाळ्यात मी स्वतः चार ऑफिसवाल्यांबरोबर सीझन तिकिटांच्या पॅकेजमध्ये वाटणी घेतली. सेंट पॉलला टीमचं स्टेडियम आहे, तेव्हाचं एक्सेल एनर्जी सेंटर (२०२५ पासून ग्रँड कॅसिनो अरेना), तिथे वर छताला एक जर्सी टांगलेली आहे, नंबर १. कुठल्या प्लेयरची नाही. टीम २००० साली सुरू झाली तेव्हाच त्यांनी तो नंबर प्रेक्षकांच्या नावाने कायमचा राखून ठेवला. पहिल्यांदा ते कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. आता मी त्याकडे जरा डोळे बारीक करून बघतो.

आता मालकाविषयी. क्रेग लायपोल्ड. विस्कॉन्सिनचा माणूस, आधी नॅशव्हिलची टीम त्याच्याकडे होती, ती विकून २००८ ला त्याने वाइल्ड घेतली. त्यानंतर चार सीझन टीम प्लेऑफला, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांना, गेली नाही. मालकाबद्दल कोणाला फार काही वाटायचं नाही, असतो बिचारा. २०१२ च्या एप्रिलमध्ये तो पेपरवाल्यांना म्हणाला की टीम पैसे कमवत नाहीये, सगळ्यात मोठा खर्च प्लेयर्सच्या पगारांचा आहे, ही सिस्टीमच दुरुस्त करायला पाहिजे. आम्ही वाचलं आणि विसरलो.

आणि मग आला ४ जुलै. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, सगळे तलावाकाठी बार्बेक्यू करत बसलेले, आणि सकाळी फोन वाजायला लागले. झॅक पॅरिझे आणि रायन सुटर, त्या उन्हाळ्यातले बाजारातले सगळ्यात मोठे दोन प्लेयर, दोघेही वाइल्डकडे आले! दोघांना एकसारखा करार, १३ वर्षं, ९८ मिलियन डॉलर्स. प्रत्येकी. पॅरिझे तर इथलाच पोरगा, त्याचे वडील जे. पी. पॅरिझे इथल्याच जुन्या टीमकडून, नॉर्थ स्टार्सकडून खेळलेले, आणि तो स्वतः महिन्याभरापूर्वीच न्यू जर्सीचा कॅप्टन म्हणून स्टॅनले कपची, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मोठ्या कपची, फायनल खेळून आलेला. म्हणजे नुसता स्टार नाही, घरचा मुलगा घरी आला असं ते. तलावाकाठी अनोळखी लोक एकमेकांना टाळ्या देत होते. आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना टीमच्या मालकाचं कौतुक करताना ऐकलं. मालक असावा तर असा, खिशात हात घालणारा. मीही म्हणालो. बिअरचा कॅन वर करून म्हणालो, माझ्या बायकोकडे त्याचा फोटो आहे.

नऊ दिवस. बरोबर नऊ दिवसांनी, १३ जुलैला, सगळ्या ३० टीमच्या मालकांच्या वतीने लीगने, म्हणजे एनएचएलने, प्लेयर्सच्या युनियनपुढे पहिला प्रस्ताव ठेवला. हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नातला प्लेयर्सचा वाटा ५७ टक्के होता, तो ४३ करा. आणि कुठल्याही प्लेयरला पाच वर्षांपेक्षा मोठा करार द्यायचा नाही.

हे सगळं मी अण्णांना सप्टेंबरात सांगितलं. त्यांनी विचारलं, एकूण उत्पन्न किती? म्हटलं, गेल्या सीझनचं ३.३ बिलियन. त्यांनी जंक मेलमधला एक लिफाफा उलटा केला आणि पेनाने मांडायला बसले. एक टक्का म्हणजे ३३ मिलियन, गुणिले १४. "चारशे बासष्ट," ते म्हणाले. "दरवर्षी?" दरवर्षी. मग त्यांनी ९८ मिलियनचे रुपये करायला लावले, ते पाचशे कोटींच्या वर गेले, तेव्हा ते काही वेळ गप्प बसले. मला वाटलं आता म्हणतील की एवढा पैसा मिळतोय तर कापू दे ना थोडा, पोटाला काय कमी पडणार आहे. लंचवाला तेच म्हणायचा, मिलियनेर आणि बिलियनेर भांडतायत, आपल्याला काय. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

अण्णा म्हणाले, "सही कोणी केली?"

"मालकाने."

"कधी?"

"चार जुलैला."

"मग झालं. सही ती सही. पाचशे कोटीची असो नाहीतर पाचशे रुपयाची."

सुटर तेव्हा जाहीरपणे साधारण हेच बोलला होता, की सही करताना आम्हाला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि आता सही झालेल्या करारातून पैसे काढून घ्यायला निघालेत, याचं वाईट वाटतं. वाटा टक्क्यांत ठरलेला असतो, त्यामुळे तो कमी झाला की जुन्या सह्यांनासुद्धा कात्री लागते, हे त्यातलं गणित. आणि कहर म्हणजे मालकांच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्या मोजक्या माणसांत आमचा लायपोल्ड बसलेला. बॉस्टनचा जेरेमी जेकब्स तिथे बसला तर कोणाला आश्चर्य वाटत नव्हतं, तो कडक म्हणून प्रसिद्धच होता. पण आपला?

हे 'आपला' म्हणजे काय, यावर मी त्या हिवाळ्यात बराच विचार केला. कंपनीचा मालक कधी आपला नसतो. अण्णांनी सात महिन्यांत मालकाला काय काय शिव्या घातल्या असतील, पण त्यांचा अपेक्षाभंग असा झाला नव्हता, कारण अपेक्षाच नव्हती. फॅनचं वेगळं असतं. टीम आपली, म्हणजे मग टीमसाठी पैसे टाकणारा माणूसही थोडा आपला होतो, त्याचे पैसे आपल्याला आपलेच वाटायला लागतात, "आम्ही पॅरिझेला घेतला" असं आम्ही म्हणायचो. आम्ही! माझा त्यात वाटा म्हणजे एका पॅकेजचा पाचवा हिस्सा. आणि मग जेव्हा तोच माणूस कुलूप हातात घेऊन उभा राहतो तेव्हा राग येतो तो मालकावरचा राग नसतोच, तो घरच्या माणसावरचा असतो. लग्नात सगळ्यांसमोर दागिने घालायचे आणि नवव्या दिवशी सोनाराकडे जाऊन म्हणायचं की परत घ्या, जरा महाग पडतायत.

त्याची बाजू नव्हतीच असं नाही. एका मालकाने १३ वर्षांचा करार दिला नाही तर दुसरा देतो, त्याच जुलैत फिलाडेल्फियाने एका डिफेन्समनला १४ वर्षं आणि ११० मिलियनची ऑफर लिहून दिली होती. म्हणजे सगळ्यांनाच आपल्या हाताला आवर घालता येत नव्हता आणि सगळ्यांनाच कोणीतरी नियम करून आपला हात बांधावा असं वाटत होतं. हे मला कळतं. मीही घरात चिवडा आणू नका म्हणतो तो त्याच कारणाने. पण मी त्यासाठी दुकानदाराचा पगार कापत नाही.

आमचा शेजारी सत्तरीचा. त्याच्या गराजमध्ये अजून नॉर्थ स्टार्सचं हिरवं जॅकेट टांगलेलं असायचं. त्याला लायपोल्डचा राग आलाच नव्हता. "तुम्ही लोकांनी नॉर्म ग्रीन बघितला नाही," एवढंच म्हणायचा. नॉर्म ग्रीन हे नाव मिनेसोटात अजूनही जरा जपून घ्यावं लागतं. त्याने १९९० ला नॉर्थ स्टार्स घेतली, १९९१ ला टीम चक्क फायनलला गेली, आणि १९९३ ला तो ती उचलून डॅलसला घेऊन गेला. नावातलं 'नॉर्थ' इथेच राहिलं, 'स्टार्स' तिकडे गेले. सहा वर्षांनी तिकडे कपही जिंकले, ते तर इथल्यांना अजून पचलेलं नाही. ग्रीनला शिवी देणारे टी-शर्ट लोक वर्षानुवर्षं घालायचे. जुनं स्टेडियम, मेट सेंटर, मॉल ऑफ अमेरिकाच्या उत्तरेला होतं, पाडून टाकलं. आई-अण्णा थंडी सुरू झाल्यावर रोज सकाळी त्या मॉलमध्ये फेऱ्या मारायला जायचे, इथले सगळे म्हातारे जातात. शेजाऱ्याने एकदा पार्किंगमधून अण्णांना हात करून दाखवलं, तिथे होतं. अण्णांनी बघितलं, काहीच नव्हतं बघायला, तरी मान हलवली. मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल झाले ते त्यांनी बघितलेलं आहे, १९८२ च्या संपात त्यांचे दोन चुलतभाऊ होते, अडीच लाखांतले दोन. तो संप कधी संपला हे कोणालाच सांगता येत नाही, तो मागे घेतला असं कोणी कधी म्हटलंच नाही.

तर शेजाऱ्याचं गणित साधं होतं. टीम घेऊन पळून जाणारा तो वाईट मालक, बाकी सगळे चालतील. मला ते फार खालचं माप वाटलं, पण ज्याची टीम एकदा गेलीये त्याच्याशी वाद कोण घालणार.

त्या शरद ऋतूत मिनेसोटात कुलपांचाच बाजार भरला होता. १ ऑक्टोबरपासून मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या वादकांना बाहेर ठेवलं होतं, ते तब्बल सोळा महिने. आणि उत्तरेला रेड रिव्हरच्या खोऱ्यात अमेरिकन क्रिस्टल शुगरचे तेराशेच्या आसपास कामगार आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासूनच गेटबाहेर होते. ही कंपनी बीटापासून साखर करते आणि ती सहकारी आहे, बीट पिकवणारे शेतकरीच तिचे मालक. हे ऐकल्यावर अण्णा ताठ बसले. आमचं गाव साताऱ्याकडे, साखर कारखाना म्हणजे काय हे आमच्याकडे पोरांना दूध सुटायच्या आत कळतं. "म्हणजे शेतकऱ्यांनीच कामगारांना बाहेर काढलं?" त्यांनी तीनदा विचारलं. हॉकीवरून त्यांचं मन त्या दिवसापुरतं उडालंच. मालक म्हणजे सुटाबुटातला एक माणूस हे चित्र बरं असतं, रागाला पत्ता मिळतो.

हॉकीत तर मालकांना बोलायचीच बंदी होती. लीगने सक्त ताकीद दिली होती, लॉकआउटबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही. डेट्रॉइटचा एक वरिष्ठ अधिकारी, जिम डेव्हेलानो, तो एका मुलाखतीत बोलून गेला की मालक म्हणजे रँच आणि प्लेयर म्हणजे त्यावर चरणारी गुरं. अडीच लाख डॉलर्स दंड झाला त्याला. खरं बोलल्याचा का खोटं बोलल्याचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे लायपोल्डही गप्प, आणि आम्ही त्या गप्प बसण्यावर वाटेल ते अर्थ लावायचो. प्लेयर मात्र बोलत होते, त्यामुळे शिव्याही त्यांनाच जास्त पडायच्या. जो दिसतो त्याला मारतात.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी संध्याकाळी मी अण्णांना मुद्दाम सेंट पॉलला घेऊन गेलो. वेस्ट सेव्हन्थ स्ट्रीट, एक्सेल सेंटरच्या समोरचा रस्ता. मॅचच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, अठरा हजारांच्या आसपास माणसं. त्या दिवशी बाहेरचे मोठे दिवे बंद आणि पार्किंगवाला खुर्ची टाकून बसलेला, पाच डॉलर्सचा बोर्ड लावून. मॅचच्या दिवशी तोच वीस-पंचवीस मागतो. आम्ही एका बारमध्ये शिरलो, चाळीस टेबलांत तीन भरलेली. फ्राइज घेऊन आलेल्या बाईने स्वतःहूनच सांगितलं की ती तीन दिवस इथे असते आणि मॅचच्या रात्री समोर स्टेडियममध्ये नाचोजच्या काउंटरला, म्हणजे असायची. भाषांतर मी करत होतो. अण्णांनी विचारायला लावलं, तुमची युनियन आहे का? ती हसली. म्हणाली, माझ्याकडे दोन भाऊ आहेत. बिल अठरा डॉलर्स झालं होतं, अण्णांनी माझ्या पाकिटातून वीसची नोट काढून टिप म्हणून ठेवली. गाडीत बसल्यावर मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "सात महिन्यांत आमच्या गेटसमोरचा चहावाला गावी निघून गेला. त्याला कोणी विचारलं नाही तू कोणाच्या बाजूने."

मग आम्ही शाळेच्या मॅचेस बघायला जायला लागलो. जवळच्या रिंकवर, हायस्कूलची पोरं. अण्णा माकडटोपी घालून, माझी जुनी वाइल्डची जर्सी स्वेटरवर चढवून, हातात हॉट चॉकलेटचा कागदी ग्लास. पक, म्हणजे बर्फावरची ती छोटी काळी चकती, त्यांना शेवटपर्यंत दिसला नाही, ते पोरांचे चेहरे बघायचे आणि त्यावरून गोल झाला का ते ओळखायचे.

डिसेंबरात फॅन्सनी एक मोहीम काढली, जस्ट ड्रॉप इट नावाची, की २१ डिसेंबरनंतर जितक्या मॅच रद्द होतील तितक्याच मॅचवर आम्ही बहिष्कार टाकू. मी पहिल्या दिवशी सामील झालो. फॅनला संप करायला दुसरं हत्यार काय आहे? आपण बाहेर पडायचं तर बाहेर पडून जायचं कुठे, समोर तर अजून एक वाइल्ड नाही.

६ जानेवारीला पहाटे न्यूयॉर्कला सोळा तासांच्या बैठकीनंतर तोडगा निघाला, सरकारी मध्यस्थ मध्ये पडल्यावर. ५०-५० टक्के. जुन्या सह्यांची भरपाई म्हणून वेगळे ३०० मिलियन. करार आता जास्तीत जास्त सात वर्षांचा, स्वतःचाच प्लेयर असेल तर आठ. ८२ ऐवजी ४८ मॅचचा सीझन. म्हणजे पॅरिझे-सुटरसारखा १३ वर्षांचा करार देणं आता कायद्याने बंद. लायपोल्डने ज्या दारातून दोघांना आत घेतलं ते दार त्याच्याच लोकांनी मागून बंद केलं.

१९ जानेवारी, पहिली मॅच, कोलोरॅडोशी, सेंट पॉलला. बहिष्काराचं काय झालं ते विचारू नका. आमच्या पाचांतल्या एकाला जमत नव्हतं, एक जादा तिकीट होतं, मी अण्णांना म्हटलं चला. ते नाही म्हणाले. थंडीचं कारण सांगितलं, उणे काहीतरी होतंच बाहेर. मी बूट घालत होतो तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले.

"आमचं गेट उघडलं त्या दिवशी मालकाचा मुलगा पेढे घेऊन उभा होता," ते म्हणाले. "एकेकाच्या हातावर ठेवत होता. आधी ठरलं होतं कोणी घ्यायचा नाही."

"मग?"

"मग काय. घेतला."

मला तो पेढा आठवतो. कागदात बांधून शर्टाच्या खिशातून आणलेला, एका बाजूने चपटा झालेला, आईने सुरीने दोन भाग केले होते. मी आणि माझ्या भावाने खाल्ला. इतकी वर्षं मला वाटत होतं तो बोनसचा पेढा.

स्टेडियम भरलेलं होतं. पॅरिझे आणि सुटरची नावं पुकारली तेव्हा छप्पर उडेल असा आवाज झाला, माझाही त्यात होता. एक नंबरची जर्सी वर होती तिथेच होती. ४-२ ने जिंकलो. घरी आलो तर साडेअकरा वाजले होते, अण्णा जागे.

"मालकाला कोणी काही बोललं का?"

"नाही, तसं काही नाही."

"हं," म्हणाले आणि दिवा घालवला.

त्यांना पुढच्या आठवड्यात परत जायचं होतं, गेले. टीम त्या वर्षी पाच वर्षांनी प्लेऑफला गेली आणि पहिल्याच फेरीत शिकागोकडून हरली. नंतर दोघे खूप वर्षं खेळले, कप काही आला नाही. जुलै २०२१ मध्ये, करारातली चार वर्षं शिल्लक असताना, वाइल्डने एकाच दिवशी दोघांचाही करार मोडून त्यांना मोकळं केलं. तारीख १३ जुलै, योगायोगच म्हणायचा. पुढची काही वर्षं टीममध्ये नसलेल्या या दोघांपायी सॅलरी कॅपमधला, म्हणजे टीमच्या एकूण पगारांवर असलेल्या मर्यादेतला, मोठा तुकडा अडकून बसला, दोन सीझन तर दोघांचे मिळून दरवर्षी १४.७ मिलियन. रविवारी फोनवर मी अण्णांना सांगितलं. ते आता ऐंशीला आलेत, ऐकायला जरा कमी येतं, पण हे नीट ऐकलं.

"उरलेले पैसे दिले?"

"पगारातले दोन-तृतीयांश. आठ वर्षांत वाटून."

"अरे म्हणजे व्हीआरएस," अण्णा म्हणाले आणि खूप वेळ हसत राहिले. त्यांनाही ९९ साली तशीच मिळाली होती. मग मागून आईचा आवाज आला, कोण आहे म्हणून. "मालक तोच आहे का अजून?"

तोच आहे, म्हटलं.

"आणि तू जातोस मॅचला?"

"जातो."

"बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.